माझ्या गळ्याची शपथ आणि मंडईची मेथी

वारजे, शुक्रवार दुपार

आदरणीय नियाजभावजींना विजयमालेचा नमस्कार.

अख्तरबानूवहिनींचा गुडघा आता कसा आहे? बिलालला नवी नोकरी मानवली का? इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी स्वतः खुशाल आहे की नाही, ते पत्र संपेपर्यंत तुम्हीच ठरवा. (फोन मुद्दाम केला नाही. आमचे हे माझा फोन चष्म्याशिवायसुद्धा वाचतात.)

विषय यांच्या भाजीचा आहे. गेले सात महिने हे दर मंगळवारी भाजी आणायला मंडईत जातात. वारज्याहून! ज्यांच्या वडिलांनी जन्मभर याच वारज्यातून मंडईला मेथी पाठवली, ते आता उलटे मेथी आणायला मंडईत. विचारलं तर म्हणतात, "तिथली चवच येगळी हाय." परवा त्या वेगळ्या चवीच्या पिशवीवर आमच्याच कोपऱ्यावरच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली सापडली. चिठ्ठी काढून ठेवली. मेथी निवडली, परतली, वाढली. पण मंडईपासून कसबा पेठेतलं तुमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान पायी किती मिनिटांवर आहे, हे मला पंच्याहत्तर साली लग्न होऊन आले तेव्हापासून माहीत आहे.

दुसरा पुरावा मटारचा. दोघं सोलायला बसलो होतो, तेव्हा यांच्या डाव्या हाताची बोटं माझ्या हाताला लागली. टोकं दगडासारखी कडक! पाच वर्षांपूर्वी यांच्या छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी यांना माझ्या गळ्याची शपथ घातली, की पुन्हा गिटारला हात लावायचा नाही. (डॉक्टर नुसतं "जरा जपा" म्हणाले होते. बाकीचं माझं.) गिटार तुमच्याकडे दिली. ती कुठल्याशा शाळेला देऊन टाकली, असं तुम्ही माझ्या हातचं थालीपीठ खात मला तोंडावर सांगितलंत. वर्षभरात ती बोटं चारचौघांसारखी मऊ पडली होती. आता ती काय मेथीच्या जुड्या उचलून कडक झाली?

आणि भावजी, शपथ माझ्या गळ्याची आहे. म्हणजे मोडली तर जायचं कुणी? मी! मी कॅलेंडर काढून बसले. नोव्हेंबरातला खोकला मंगळवारी सुरू झाला. डिसेंबरात दाढ दुखली ती बुधवारी पहाटे, म्हणजे मंगळवारचीच. एरवी मी ठणठणीत आहे, उलट दोन किलो वजन वाढलंय. तरी पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाच्या मनात नेमकं आहे काय, असा संशय येतोच की नाही?

त्यात हा प्रज्ञेश. पस्तिशीचा गृहस्थ, यांच्यावर पुस्तक लिहितोय. म्हणतो, आप्पासाहेब म्हणजे पुण्यातल्या रॉकचे मूळपुरुष. आज जो तो गिटारची तार ओढून तिला रडवतो, ती रीत यांची, आणि यांनी ती जत्रेतल्या सनईवरून उचलली. असेल. आमच्या वरातीत यांनी घोड्यावर बसून गिटार लाउडस्पीकरला जोडली, तुम्ही वायरचं भेंडोळं घेऊन मागे धावलात आणि घोडा नवरदेवाला घेऊन थेट मुठेच्या पात्रात उतरला, हे मात्र त्याच्या वहीत नाही. (मी सांगितलंही नाही. आधी माणूस पारखावा.) जन्मभर शेजाऱ्यांनी आवाज कमी करा म्हणून भिंती ठोकल्या, आणि आता लोक तोच आवाज ऐकायला पत्ता शोधत येतात, हे मला मुळीच सरळ वाटत नाही. शिवाय तो शिरा दोनदा मागून घेतो.

तेव्हा खरं काय ते कळवा. त्या शाळेचं नाव, पत्ता आणि मुख्याध्यापकांची सही. वहिनींना नमस्कार, बिलालला आशीर्वाद.

तुमची (हे लिहीपर्यंत तरी जिवंत)
विजयमाला

ता. क. प्रज्ञेशने चौदा तारखेला यांचा सत्कार ठरवलाय. तिथे वाजवा म्हणाला, तर हे नाही म्हणाले. मी स्वयंपाकघरात होते, सगळं ऐकू येतं. म्हणाले, "चोरून वाजवतो ते निराळं. चारचौघांत तिची शपथ मोडायची न्हाई. लोकांम्होरं तिचा शब्द पडंल." भावजी, मला रडू आलं. कांदा चिरत नव्हते.

पुन्हा ता. क. घालणाऱ्याने म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, म्हणून खाली एक शब्द मोठ्या अक्षरात लिहिते. तेवढाच कात्रीने कापून यांना द्या आणि सांगा, की सत्कारासाठी तुम्ही माझ्याकडून फार मिनतवारीने मागून घेतलात. मी स्वतः म्हणाले, तर मला सगळं ठाऊक होतं हे कळेल, आणि मग मंगळवारची मजा जाईल यांची. बाकीचं पत्र फाडून टाका.

सुटली.

शेवटचा ता. क. मागच्या मंगळवारी मी तासभर तुमच्या जिन्यात उभी होते. वहिनींनी पाहिलं, पण बोलल्या नाहीत. तिसरी चाल यांनी अर्ध्यावरच का सोडली? पुढचं विसरले असतील, तर मला विचारायला सांगा. मला अजून पाठ आहे.