मासिकाची छपाई आणि चार-दहाची गाडी

२ सप्टेंबर, सकाळ
मासिक आलं. छपाई आणखी बिघडली आहे. करड्या कागदावर करडी अक्षरं, आणि प्रत्येक शब्दाचा मधला भाग गायब. घरात मांडायच्या छोट्या रेल्वेचं मासिक वाचतं कोण? सत्तरी ओलांडलेली माणसं. आणि छापतं कोण? ज्यांनी जन्मात रुळांचा एक सांधासुद्धा बसवला नाही असे लोक. संपादकाला पत्र लिहायचं. सौम्य शब्दांत.

५ सप्टेंबर
पत्र टाकलं. सौम्य झालं नाही.
हिलरीचा फोन. म्हणाली, बाबा, चष्मेवालीने हॉस्पिटलला कळवलंय, तिकडून बोलावणं आलं का? म्हटलं, आलेलं नाही आणि यायची गरजही नाही. सगळ्या यॉर्कशायरात छपाई वाईट आहे, त्यात माझ्या डोळ्यांचा काय दोष? ती म्हणाली, तुमच्यापेक्षा भिंत बरी, ती निदान उलट बोलत नाही. पोरगी आईवर गेली आहे.

१४ सप्टेंबर
अक्षरं मोजून पुरावा द्यायचं ठरवलं. पोलादी पट्टी काढली. पट्टीवरचे आकडे झिजलेत. हल्ली वस्तू टिकतच नाहीत. (पट्टी १९६८ची आहे. तरीही.)
टपालात एक लांबट पाकीट. आतला कागद मासिकाइतकाच फिका. जाहिरात असणार. मासिकात खूण म्हणून घातला. निदान काही उपयोग.

३ ऑक्टोबर, दुपारी ४:३०
शांतपणे लिहायचं.
माळ्यावर माझं छोटं थॉर्नबी स्टेशन आहे, मीच बांधलेलं, चाळीस वर्षांपासून. फलाट दोनवर हिरव्या कोटातली एक बाई बॅग घेऊन उभी असते. नखाएवढी. डोरीनने ती स्वतःच्या हाताने रंगवली, आणि स्वतःसारखीच रंगवली. सांधा अडकून माझी चार-दहाची गाडी कायम उशिरा सुटायची. डोरीन म्हणायची, क्लिफ, तुझी गाडी एकदा जरी वेळेवर सुटली ना, तर मी त्यात बसून निघून जाईन. डोरीनला जाऊन सहा वर्षं झाली.
आज सांधा अडकला नाही. गाडी चार वाजून दहा मिनिटांनी सुटली, सेकंदाचाही फरक नाही. वर बघितलं तर फलाट रिकामा.
मला भुतंखेतं मान्य नाहीत. खालून केटलीचा आवाज आला. मी केटली लावली नव्हती.
(लावली होती. विसरलो होतो.)

४ ऑक्टोबर
गाडी मुद्दाम वीस मिनिटं अडवून धरली. सिग्नल केबिनकडे बघत बसलो होतो, तर नजरेच्या कडेला हिरवं काहीतरी. ती! बॅगेसकट. मान वळवून नीट बघितलं, तर नाही. परत केबिनकडे बघितलं, तर आहे.
निष्कर्ष सरळ आहे. गाडी उशिरा सोडली की डोरीन परत येते, पण रागात आहे, तोंडाकडे बघू देत नाही. जिवंतपणीही अशीच करायची. सबंध रविवार खिडकीकडे तोंड.
आजपासून एकही गाडी वेळेवर सोडायची नाही.

९ ऑक्टोबर
आज पस्तीस मिनिटं उशीर. ती होती. कडेलाच. तिच्याशी थोडं बोललो, केबिनकडे बघून. हिलरीच्या नव्या स्वयंपाकघराबद्दल सांगितलं.
नंतर डेरेक आला. रेल्वे क्लबातला माझा सगळ्यात जुना मित्र. दारात उभा होता आणि त्याला चेहरा नव्हता. टोपी होती, कान होते, मध्ये धूर. आवाजावरून ओळखला. आमच्या दारातला उजेड वाईट आहे, दिवा बदलायचा. त्याला डोरीनचं सांगितलं. त्याने टोपी काढली. मग म्हणाला, लेका, डोळे दाखवून ये. मी म्हटलं, तू आधी तुझ्या सिग्नलांच्या तारा बघ. चहा न पिता गेला.

२० ऑक्टोबर
उद्या क्लबाची दुपारची बैठक. माझा ठराव: सर्वांनी सह्या करून मासिकाला खरमरीत पत्र पाठवावं. पुरावा जबरदस्त आहे. मार्च १९८१चा अंक! त्यात थॉर्नबीवर माझा लेख आहे. तो काढून बसलो आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला, चष्म्याशिवाय. आता बोला म्हणावं डोळ्यांचं!

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ
चर्चचा हॉल. अकरा जण आणि बिस्किटं. आधी ताजा अंक वर धरून विचारलं, हे वाचता येतं का कुणाला? मग मार्च १९८१ उघडून लेख वाचून दाखवला. एकदाही अडखळलो नाही. शेवटचा परिच्छेद जरा सावकाश वाचला: फलाट दोनवर हिरव्या कोटातली बाई दिसते, ती माझी पत्नी. तिच्याशिवाय हे स्टेशन मी बांधलं नसतं.
टाळ्यांची वाट बघत होतो. डेरेक जवळ आला, माझ्या हातातला अंक हळूच मिटला आणि हलक्या आवाजात म्हणाला, क्लिफ, हा ताजा अंक आहे. मार्चचा तू मघाशी वर धरला होतास.
कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीतरी माझ्या बशीत आणखी एक बिस्कीट ठेवलं.

२२ ऑक्टोबर
हिलरी आली. डेरेकने चुगली केली. मासिकं चाळताना तिला तो लांबट कागद सापडला. हॉस्पिटलचा. तपासणीची तारीख २ ऑक्टोबर, तातडीचं, ठळक अक्षरांत. ती ओरडली नाही. कागद हातात धरून पायरीवर बसून राहिली. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

३१ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाई तरुण, आवाज छान, चेहरा नाही. म्हणाल्या, डाव्या डोळ्याची मधली नजर गेली, ती आता परत येत नाही. उजव्यातही तेच सुरू झालंय. दर महिन्याला इंजेक्शन, कदाचित आहे तेवढं टिकेल. महिन्याभरापूर्वी आला असतात तर जास्त वाचलं असतं. मी विचारलं, इंजेक्शन कुठे? म्हणाल्या, डोळ्यात.
वर त्यांनी एक युक्ती सांगितली: जे बघायचंय त्याच्याकडे बघू नका, जरा बाजूला बघा.
मला माहीत होतं ते. कुठून, ते सांगितलं नाही. परतताना गाडीत रडलो. हिलरीने रेडिओ मोठा केला.

८ नोव्हेंबर
संपादकाचं उत्तर आलं. हिलरीने वाचून दाखवलं. १९८१नंतर त्यांनी अक्षरं दोनदा मोठी केली आहेत. पुढे लिहितात, आपल्या पत्रातल्या ओळी एकमेकींवर चढल्यामुळे पहिल्या वाक्यापलीकडे काही वाचता आलं नाही, क्षमस्व.
चांगलंच खरमरीत होतं ते पत्र.

१२ नोव्हेंबर
हिलरीने जाड काळं पेन आणलंय. एका पानावर सहा शब्द मावतात.
दुपारी तिला माळ्यावर नेलं. विचारलं, आई आहे का फलाटावर? म्हणाली, असणारच. तुम्हीच तिला चिकटवलीय ना, बाबा? मी लहान होते तेव्हा हात लावला म्हणून केवढे ओरडला होतात.
बोटाने चाचपलं. घट्ट आहे. जरासुद्धा हलत नाही. म्हणजे महिनाभर सगळ्या गाड्या उगाच उशिरा सोडल्या.
चार वाजून दहा मिनिटं झाल्याचं हिलरीने सांगितलं. गाडी सोडली. मी केबिनकडे बघत राहिलो. ती गेली नाही.