राक्षसाचं मुंडकं टरबुजाचं

बापू,

परवा तू सिंधूची लाकडी तलवार हिसकून माळ्यावर टाकली, हे काही चांगलं केलं नाही. पोरींचा सुटीतला खेळ होता तो. तुही लेक सिंधू देवी अन् शेजारची मैना राक्षस. राक्षसाचं मुंडकं म्हणून कोहळा पोखरला, त्यात कुंकवाचं पाणी भरलं. तलवार बसली की रगत उडालं पाहिजे! तू शाळेतला मास्तर, म्हणे, "एवढी मारकाट पाहून पोरी बिघडतात."

खोट मीही काढली, पण माही खोट वेगळी. बाईमाणसानं अख्खा कोहळा फोडू नये अन् कुंकू मातीत सांडू नये. राक्षस मेल्याचं मले काहीच वाटलं नाही. म्हणून आज टरबूज आणलं. त्याले कोळशानं डोळे-मिशा काढल्या. रगत त्याचं त्याच्याजवळच आहे. मान उडाली की पहिली फोड मैनाच खाईन, तिनं आधीच सांगून ठेवलं.

तलवार मी काढून नेली. तुहा जरीचा फेटाही नेला, देवीले लय शोभते. पाच वाजता मैनाच्या अंगणात ये. पुढं जागा धरून ठेवतो.

निघताना तुह्या मायनं तुले मोठ्यानं सांगितलं, पण तू जेवून घोरून राहिला होता, म्हणून तेच लिहून ठेवतो: "मास्तर, खेळात मेलेला राक्षस हासत उठते. आपली पोरगी दोन दिस अर्ध्या पोटी निजली, ते तुले दिसलं नाही. हद्द तू ओलांडली!"

तुहा बाप