पांढऱ्या उंदरांची सोयरीक

सोलापूर, माघ, १९७९

श्री. रुद्रप्पा दाजींस सिद्रामप्पाचे शरणार्थ. तुमची कंबर आता बसू-उठू देत असेल. बहीण काशम्मा हिला आशीर्वाद. तुमची नागम्मा आणि आमचा शिवप्पा यांच्या लग्नाची तारीख तुम्ही विचारलीत. त्याआधी हे वाचा, आणि बसून वाचा.

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी मी विभूती लावली, कॉलेजातल्या उंदरांना दाणा घातला आणि सख्ख्या भावंडांचे संसार मोडले. (उंदीर संशोधनाचे, मी त्यांचा नवा राखणदार.) डॉक्टर विजयमालाबाईंनी सांगितलं होतं, एका वेतातला नर आणि मादी एका पिंजऱ्यात ठेवा. मला वाटलं, बाई बोलण्याच्या भरात चुकल्या. गणपतीचं वाहन ते, त्यांच्यात असलं पाप? मी पांढऱ्या बहिणी काढून पलीकडच्या काळ्या उंदरांना दिल्या. घराणं वेगळं, स्वभाव गरीब. वर प्रत्येकीला हळदीचं बोट लावलं.

तीन आठवड्यांनी पिल्लं झाली, आणि अंगावर केस फुटले तसे ती मातकट निघाली. बाई पिंजऱ्यापुढे मटकन बसल्या. पेशीच्या अंगावर म्हणे दाराला असते तशी एक कडी असते. बाहेरून निरोप आला की ती वाजते. ती घडवायचा आराखडा पेशीच्या पोटात असतो. बाई तो शोधून, जंतूंत घालून, त्याच्या नकला काढणार होत्या. त्यासाठी सगळे उंदीर एकसारखे हवेत, म्हणून वीस पिढ्या भावाला बहीण दिलेली. वीस! मी भिंत धरली.

"बाई, भावंडं नको हो. मामाला भाची द्या की. आमच्यात चालतंय."

आता बाईंनी भिंत धरली. "तुमच्यात मामाशी लग्न होतं?"

"व्हय की. न्हायतर आत्याची पोरगी. माझ्या पोराचं तसंच ठरलंय."

त्या मला रागवायचंच विसरल्या. एकाच रक्तात लपलेलं व्यंग दोन्हीकडून आलं की पोटच्या पोरात उघडं पडतं, म्हणाल्या. आणि विचारलं, घरात कुणाला काही आहे का? दाजी, मला आमचे दोन्ही काका आठवले, जन्मापासून बहिरे. (तुमच्या लग्नात वाजंत्र्यांच्या पायाशी गाढ झोपले होते ते हेच.) तेव्हापासून पूजेत मन लागेना. हे लग्न होऊ नये.

माझी नोकरी टिकली. (मातकट पिल्लांनाही दाणा लागतोच.) राग आला तर माझ्यावर धरा, पोरांवर नको.

तुमचा,
सिद्रामप्पा

ता. क. मुलाकडच्यांनी मोडलं म्हटलं की लोक नागम्मालाच नावं ठेवतील. म्हणून नकार तुमच्याकडून आला असंच सांगा. शिवप्पात खोट काढायला तुम्हाला फार शोधावं लागणार नाही.

पुन्हा ता. क. तुम्ही भिडस्त. म्हणून आज सकाळी सिद्धेश्वराच्या देवळात चार लोकांत मीच सांगून आलो, की दाजींनी आमच्या पोराला साफ नाकारलं.