वेदीवरचे बूट आणि सारजाबाईंचा मोरावळा

शनिवार, ८ नोव्हेंबर

उद्या चर्चमध्ये हंगामाचा सण! माझ्या उपदेशाचा विषय – खेळाडूने देवाला शरण जाणं. ग्रीक धावपटूंवरचं जाड पुस्तक पुन्हा चाळलं. ही म्हणाली, "अर्ध्या तासात आटपा." पन्नास मिनिटांच्या उपदेशाने आजवर कोणी मेलेलं नाही!

रविवार, ९ नोव्हेंबर

सत्तेचाळीस मिनिटं गर्जलो. "जे सर्वांत प्रिय, ते वेदीवर ठेवा!" लोक बाजरीची कणसं, भोपळे, एक चिडलेली कोंबडी घेऊन पुढे आले – आणि त्यांच्यामागून जोतिराम! आमच्या मंडळीतला एकमेव धावपटू, सकाळच्या सरावावरून थेट आलेला. त्याने काय ठेवलं? पळायचे खिळ्यांचे बूट! येत्या शनिवारी जिल्ह्याची पंधराशे मीटर, त्यातून राज्याची निवड – आणि याने बूट देवाला दिले! डोळे भरून आले. अकरा वर्षांच्या उपदेशाचं पीक!

मग दरवर्षीप्रमाणे अंगणात अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव. पुकारणारा मीच. बोलण्याच्या भरात बूटही उचलले. "एकवार! दोनवार! तीनवार!" – सर्वांत चढी बोली लावणाऱ्या सारजाबाईंना दिले. मग कळलं काय केलं ते. परत मागायची सोय नाही. वेदीवरचं परत घ्यायचं नाही, हा नियमही माझाच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जोतिराम मैदानावर अनवाणी पळत होता. टाचांना फोड. "पाळकसाहेब, त्या बुटाचं काय झालं हुतं की –" मोह! लगेच ओळखलं. वीस मिनिटं मोहावर बोललो. मान हलवून गेला बिचारा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

जोतिराम स्वतःच्या नेहमीच्या वेळेपेक्षा सहा सेकंद मागे पडतोय. देवासाठी हरणं वेगळं. माझ्या जिभेपायी हरणं वेगळं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सारजाबाईंकडे गेलो. बाई मोरावळ्याचे आवळे टोचत होत्या – हातात बूट घालून!

"लई ब्येस हायत की! काट्यानं जल्म जातो. हितं एका दणक्यात सा-सात भोकं!"

बूट मागितले.

"नियम तुमचाच की, पाळकसाहेब."

"अहो, जोतिरामची निवड अडली आहे."

बाईंनी आणखी एक आवळा ठोकला. "मग तुमी काय ठेवताय वेदीवर? सगळ्यात प्रिय?"

मनगटावरचं घड्याळ काढलं.

"ते कुटं प्रिय हाय तुमाला? बगता तरी का कदी त्याच्याकडं?" मग बूट खाली ठेवून म्हणाल्या, "ह्या रविवारी बोलायचं न्हाय. चर्चात आल्यापासनं घरी जाईपत्तुर. एक शबुद न्हाय."

उपास सांगायचा, खडतर तप सांगायचं! हे काय भलतंच?

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दिलं वचन. बूट घेऊन गेलो. अर्पणाला हात लावायला जोतिराम नको-नको म्हणेल, म्हणून समजावणी तयार ठेवली होती. त्याने तिथल्या तिथे पायात घातले. इतक्या चटकन?

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुसरा! निवड झाली! बाईंच्या हातांचा पाक बुटांत मुरलेला, धावताना आतून मुंग्या निघाल्या. "थांबलो असतो तर लई चावल्या असत्या!" म्हणाला. किती दाखले सुचले – आणि उद्या तोंड बंद! प्रभो, बळ दे.

रविवार, १६ नोव्हेंबर

बाकावर बसलो, जोतिरामशेजारी. हे बाक डुगडुगतं! अकरा वर्षांत कोणी बोललं नाही. बोलायला मी जागा कधी दिली? सारजाबाईंनी स्तोत्र वाचलं, मग पाच मिनिटं नुसती शांतता. पाऊण तासात सगळं आटोपलं. लोक फार खुशीत होते. लपवत नव्हते.

रविवार, दुपार

अंगणात जोतिरामने गाठलं. मला अडवता येईना, म्हणून त्याला बोलता आलं.

"मंगळवारीच सांगनार हुतो. सनाच्या दिवशी तुमच्या उपदेशात झोप लागली. पहाटे सराव झाल्ता की. जाग आली तर सगळी कायबाय घिऊन पुढं निघालेली. माझ्या हातात बूटच हुते – ठेवले."

सत्तेचाळीस मिनिटांचं उत्तर घशाशी आलं. गिळलं.

"पन आज जागा हुतो. ती गप बसायची येळ हुती ना – तवा देवाला म्हनलं, माजं पळनं तुजं."

वचन घरापर्यंतचंच होतं. घरी येऊन तास झाला. अजून बोललेलो नाही.