सरावाचा पेशंट

३ मार्च

सापडला! तोंडी परीक्षेच्या सरावाला पेशंट सापडला.

परीक्षेत मी नर्स, समोरचा पेशंट, आणि बोलणं सगळं इंग्रजीत – झोप, खाणंपिणं, व्यायाम, सवयी. पास झाले तर परदेशातली नोकरी नक्की. वहिनीला गळ घातली, तर म्हणे, मला इंग्रजीत आजारी पडता येत नाही. शेवटी बाबाच पुढे सरसावले. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. इंग्रजी फूट-फूट उंचीच्या अक्षरांत लिहिलं, बोलले मात्र कधी नाहीत.

५ मार्च

सरावाच्या वहीतलं पहिलं आजाराचं कार्ड: पोटदुखी. बाबांनी असा टाहो फोडला की वहिनी ओल्या हातांनी धावत आली. मग आम्हा दोघांनाही बोलणी बसली. बाबांना समजावलं, नुसतं पोट दुखतंय, प्राण जात नाहीये.

६ मार्च

आजचे शब्द झोपेचे: इन्सोम्निया, लाइट स्लीपर, अर्ली रायझर. बाबांना प्रत्येकावर मत आहे. ‘सेडेंटरी लाइफस्टाइल’ समजावायला गेले, तर म्हणाले, “बसून खाणं म्हण की सरळ. एवढं नटवायचं कशाला?”

इंग्रज गाढ झोपला की ओंडक्यासारखा झोपतो, हे त्यांना मुळीच पटलं नाही. ओंडका होण्यापेक्षा कुंभकर्ण झालेलं बरं, उठून जेवता तरी येतं – इति बाबा.

८ मार्च

डबल ड्यूटी. सराव नाही. पेशंट रुसलाय.

१० मार्च

वहीतली कार्डं संपली. आता आजार मी रचतो, शब्द तू पुरव, असं बाबांचं म्हणणं. जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, त्याला काय म्हणतात? सांगितलं – शॉर्टनेस ऑफ ब्रेथ. संध्याकाळी पाय सुजतात, त्याला? तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही कागदावर लिहून घेतलं, पाटीसारखं ठसठशीत, खाली रेघ मारून. या वयात शिकायची काय हौस!

१२ मार्च

पास झालीस की लगेच निघायचं ना, हे आज जेवताना तीनदा विचारून झालं. हाकलायची घाई झालीय का, असं मी विचारलं. वहिनी हसली. बाबा हसले नाहीत. दोन वर्षांपूर्वी आईच्या आजारपणात मी ही परीक्षा सोडली. आई गेली, परीक्षाही गेली. मला त्याचं काही वाटत नाही, पण बाबांनी तो विषय अजून सोडलेला नाही.

१४ मार्च

स्वतः रचलेल्या आजारात बाबांचा अभिनय पार फसला! पोटदुखीला घर डोक्यावर घेणारा हा माणूस आज नुसता खिडकीबाहेर बघत बसला. सपाट आवाजात म्हणाला, “आय स्लीप इन चेअर. लाय डाउन, नो ब्रेथ.”

मी म्हटलं, इन अ चेअर, बाबा. आणि जरा कण्हा की, असं खोटं वाटतं. त्यांनी निमूटपणे मान डोलावली. केस मात्र अभ्यास करून रचलीय. माझ्या वॉर्डातले हृदयाचे पेशंट असंच सांगतात. माझ्याच गप्पांतून उचललं असणार. अभिनयाला दहापैकी चार दिले.

१७ मार्च

उद्या परीक्षा. बाबांनी माझा कोट स्वतः इस्त्री केला. मध्ये दोनदा खुर्चीत बसले. माझ्यापेक्षा त्यांनाच धाकधूक.

१८ मार्च, दुपार

परीक्षा चांगली गेली. म्हणजे हातची जाता जाता वाचली.

समोरच्या पेशंटबाई छाती धरून खोकत होत्या, कण्हत होत्या, अगदी जीव ओतून. मनात म्हटलं, या बाबांपेक्षा सरस. आणि पुढचा प्रश्न ओठांवरच थांबला. या नाटक करतायत. बाबांनी पोटदुखीचं नाटक केलं होतं. नंतरच्या आजाराचं केलं नव्हतं.

प्रश्न कसाबसा पुरा केला – हे कधीपासून होतंय? बाबांना तो मी एकदाही विचारला नव्हता.

१८ मार्च, संध्याकाळ

घरी जाऊन मराठीत विचारलं. थंडी सुरू झाल्यापासून, म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “मराठीत सांगितलं असतं तर तू आजही गेली नसतीस. आणि कुणाला तरी सांगायचं तर होतं गं.”

हॉस्पिटलला जाताना टॅक्सीत नाडी बघते म्हणून त्यांचा हात धरला. मोजलं काहीच नाही.