सातच्या मीटिंगमधली रिकामी खुर्ची

मंगळवार, परळी. संध्याकाळचे साडेसात.

करारात ड्युटी पाचपर्यंत लिहिलीय. तरी साहेबांनी आज पुन्हा सातला मीटिंग लावली. दुपारी आम्ही सगळ्या कंत्राटी इलेक्ट्रिशियननी ठरवलं, कुणीच जायचं नाही. कदम म्हणाला, "आण्णा, ग्रुपवर तुमीच लिव्हा. तुमचं लिवणं लई कडक हाय." मी लिहिलं, काना-मात्रा तपासून. खाली कुणाचंच काही नाही.

आत्ता ग्रुपवर मीटिंगचा फोटो आला. सगळे बसलेत! कदम पहिल्या रांगेत. शेजारच्या खुर्चीवर त्याचा निळ्या चौकड्यांचा रुमाल. माझ्यासाठी जागा धरलीय गड्यानं.

भल्यासाठीच केलं असेल. पण त्या रुमालामुळेच कोण आलं नाही हे साहेबांना दिसतंय. पुढच्या महिन्यात करार नवा व्हायचाय, सही त्यांचीच. आयटीआय न करता, पॅनल उघडून उघडून काम शिकलो मी. सर्टिफिकेटशिवाय दुसरीकडे कोण घेईल?

बायको म्हणते, "जाऊन बसा की. कावून घोर लावून घेता जिवाला?"

येणार नाही म्हणून मीच लिहिलंय ना? फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. रुमाल तिथंच आहे.

जागाच नसती तर बरं झालं असतं. बूट मात्र घालून बसलोय.