सुमेधचा माईक

८ नोव्हेंबर, शनिवार
धरमपेठेत पहिला क्लास. कॉन्सर्ट फोटोग्राफी. बाकी सगळी कॉलेजची पोरं, चाळिशीची मी एकटीच. शिकवणारे देशकर सर: पांढरी दाढी, काळा टी-शर्ट, बोलणं अस्सल इकडचं. प्रत्येकाला विचारत होते, करता काय. मी म्हटलं, दवाखान्यात एक्स-रे काढते. पोरं हसली. सर हसले नाहीत. "म्हणजे अर्धं काम तुम्हाले येतेच," म्हणाले.
मग विचारलं, इथं काहून आलात? "आवड आहे," मी एवढंच बोलले.
खरं काय ते इथे लिहिते. सुमेधचा गातानाचा एकही धड फोटो घरात नाही. भिंतीवर जो आहे तो मामेभावाच्या लग्नातला, हातातली गुलाबजामची प्लेट कापून मोठा केलेला. माझा धाकटा भाऊ दहा वर्षं स्टेजवर उभा राहिला आणि फ्रेममध्ये मात्र लग्नाचा पाहुणा.
मागच्या वर्षी सप्टेंबरात गेला. डेंग्यू.

९ नोव्हें., रविवार
आज हातात कॅमेरा. खिडक्यांवर पडदे, एकच लाल दिवा, आणि एका पोराच्या हातात कंगवा देऊन त्याला गायला लावलं. सगळ्यांचे फोटो हलले. सर म्हणाले, लाल प्रकाशात चेहरा विरघळते, घाबरू नका.
माझ्या फोनमधले सु.चे सगळे फोटो असेच. लाल धूर आणि त्यात एक हात.
बटण दाबताना श्वास रोखायचा. पेशंटला दिवसभर हेच सांगते मी, स्वतःला कधी सांगितलं नव्हतं.
घरी आईने विचारलं, "काय शिकली वं?"
"अंधारात माणूस कसा दिसते ते."
तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

१५ नोव्हें., शनिवार
पुढच्या आठवड्यात खऱ्या बँडच्या प्रॅक्टिसला जायचं, मग डिसेंबरात त्यांच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला. सरांनी बँडचं नाव सांगितलं आणि मी वही मिटून बसले. आरामशीन.
हे नाव सुमेधने ठेवलेलं. प्रताप नगरात ज्या शेडमध्ये ते पहिल्यांदा जमले, तिच्या मागे आरामशीनवर दिवसभर लाकडं कापायचे. गाणं कमी, किरकिर जास्त. मला वाटत होतं, तो गेला तसा बँडही मोडला. निखिल, त्यांचा गिटारवाला, वर्षानुवर्षं आमच्या घरी जेवलेला पोरगा, सुमेध गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला आला तो शेवटचा. त्यानंतर फोनही नाही.
सरांना काही बोलले नाही. आईलाही नाही. जाऊ नये असं वाटतं. जाईन, हेही माहीत आहे.

२२ नोव्हें., शनिवार
गेले.
कळमेश्वर रोडवर एक रिकामं गोदाम. निखिल वायरी जोडत होता. मला बघून उठलाच नाही, गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "ताई? तू?" वजन उतरलंय त्याचं. केस पिकायला लागलेत.
ड्रम मागे, निखिल उजवीकडे, बासवाला डावीकडे. मध्ये एक माईक आणि त्याच्यामागे कोणी नाही. मला वाटलं गायक यायचाय. सर म्हणाले, चला, घ्या आपापल्या जागा. मी डोळा कॅमेऱ्याला लावला.
आणि स्पीकरमधून सुमेध बोलला. "आवाज येऊन राहिला का बे?"
"हो," मी म्हटलं. मोठ्याने.
सगळे माझ्याकडे वळले. तोवर तो गायला लागला होता.

तीच तारीख, पुढे
बाहेर ट्रकच्या सावलीत निखिलने सांगितलं. आजारी पडायच्या आधी सु.चा आवाज पाच गाण्यांसाठी रेकॉर्ड केला होता. आता आवाज त्याचा लावतात आणि वाजवतात हे. डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यातलं एकच गाणं घेणार, बाकीची निखिल गाईल.
"तुले सांगायलेच येत होतो. दोनदा तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून परत गेलो."
"ते सुरुवातीचं वाक्य तरी काप न."
"कापलं होतं, ताई. मंग गाणं एकदम सुरू होते. आम्हाले समजतच नाई कुठून धरायचं. त्यानं विचारल्याशिवाय हात नाई चालत आमचे."
मला राग यायला हवा होता. ट्रकच्या चाकाला टेकून उभी राहिले. आतून पोरांच्या कॅमेऱ्यांची टकटक येत होती.

२३ नोव्हें., रविवार
कालचे फोटो पडद्यावर. माझी पाळी आली. फोटो स्वच्छ आलेत, पहिल्यांदाच. निखिल गिटार घेऊन माईकला वळसा घालून जातोय, मध्ये चिक्कार जागा असताना. बासवाला डावीकडे चिकटून, जणू धक्का लागेल कोणाला. पुढच्या फोटोत ड्रमवाला त्या रिकाम्या जागेकडे बघून हसतोय. दात दिसताहेत.
एक पोरगी म्हणाली, "सर, हा कोणाकडे पाहून हसून राहिला?"
सरांनी पुढचा फोटो लावला.
सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, तुमचा कोण? सांगितलं. बराच वेळ लेन्स पुसत बसले. "मॅडम, कार्यक्रमाले नाई आल्या तरी चालते. मी समजून घेईन."
येते म्हटलं.

२९ नोव्हें., शनिवार
आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.
"मेलेल्या माणसाले गायले लावतात?"
मीही एक जुडी पुढे ओढली.
"त्यात बोलते का तो? की निस्तं गाणंच?"
"बोलते. एक वाक्य."
"काय बोलते?"
सांगितलं. तिने काड्या एका बाजूला केल्या, पानं एका बाजूला, मग सगळं पुन्हा एकत्र करून टाकलं.
"मी नाई येत," म्हणाली. मी यायला सांगितलंच नव्हतं.

३ डिसें.
ड्यूटी. छातीचा एक्स-रे, म्हातारे आजोबा. मी काचेच्या अलीकडे, ते पलीकडे. माईकवरून म्हटलं, श्वास रोखा. तर तिकडून, "आवाज येऊन नाई राहिला, बाई."
हात बटणावरच राहिला. दुसरीला बोलावून तिच्याकडून काढून घेतला तो फोटो. आजोबांना काय कळणार, बिचारे थंडीत उघड्या अंगाने उभे.
हल्ली कुठूनही येतं ते वाक्य. कुकरच्या शिटीनंतर येतं. पंखा बंद केला की येतं. घाबरवत नाही. उत्तराची वाट बघतं.

७ डिसें., रविवार
शेवटचा क्लास. नियम: फ्लॅश नाही. स्टेज आणि कठड्याच्या मधल्या पट्टीत उभं राहायचं, पहिली तीन गाणी झाली की बाहेर. सु.चं गाणं शेवटचं आहे. निखिलने आयोजकांशी बोलून ठेवलंय, ताई आत थांबेल.
आई दुपारी त्याचं कपाट झाडत होती. काही काढलं नाही, काही ठेवलं नाही.

१४ डिसें., रविवार सकाळ
कालचं लिहिते. जमेल तसं.
मैदान भरलं होतं. सहालाच अंधार, चांगली थंडी. पहिली गाणी ठीक. शिकवलेलं सगळं आठवत होतं, हात आपोआप चालले. निखिल बरा गातो. सु.सारखा नाही, पण मनापासून.
मग दिवे गेले. एकच निळा झोत माईकवर. धूर सोडला. आणि ते वाक्य.
पब्लिकला वाटलं, गंमत आहे. मागून कोणीतरी ओरडलं, "येऊन राहिला!" मग सगळं मैदानच. "येऊन राहिला! येऊन राहिला!" हजारो अनोळखी माणसं माझ्या भावाला उत्तर देत होती. आणि नेमका त्यांना जागा दिल्यासारखा तो दोन क्षण थांबून गायला लागला. थांबलेला तो रेकॉर्डिंगमध्येही. मला माहीत आहे. तरी.
कॅमेरा वर उचलवेना. मी स्टेजकडे पाठ केली.
गर्दीत चौथ्या रांगेच्या कडेला आई. डोक्यावरून शाल. एकटी, ऑटो करून आलेली.
रडत नव्हती. ताप असताना तो उठून फिरायला लागला की जशी बघायची, तशी बघत होती त्या माईककडे. रागावून. ओठ हलत होते. गाणं म्हणतेय वाटलं, पण ओठ गाण्याच्या तालात नव्हते. "बस कर. बस कर आता."
तेवढा एकच फोटो काढला.

तीच तारीख, दुपार
काल रात्री परतताना, शंकरनगरला, ऑटोत तिने शाल कानावर ओढून घेतली. मग म्हणाली, "मधात श्वास घ्याले थांबला होता तो. आयकलं का तू?"
"हो."
"किती गायले लावसान त्याले? थकला असन तो."

१६ डिसें.
निखिल घरी आला. दारात चप्पल काढून उभाच राहिला. आई म्हणाली, "काहून रे, रस्ता इसरला होता?" तो तिथंच रडला. मग जेवला. पोटभर.
जेवता जेवताच मुद्द्यावर. फेब्रुवारीत पुण्यात मोठा कार्यक्रम. त्यांना पाचही गाणी हवीत सुमेधच्या आवाजात. "काकू, तुम्ही नाई म्हणलं तर विषय संपला. माईकच नाई ठेवणार."
आईने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.
जाताना जिन्यात मला हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगू? तो नसला की आम्हीच तिघं उरतो स्टेजवर. ते नाई सहन होत."


२१ डिसें., रविवार
देशकर सरांना आईचा फोटो वर्कशॉपच्या प्रदर्शनात लावायचाय. मोठा करून, दारासमोर. विचारून सांगते म्हटलं आणि अजून विचारलं नाही.
आईने आज स्वतःहून कॅमेरा मागितला. पलंगावर बसून सगळे फोटो पाहिले, मी मागे-पुढे करून देत होते. स्वतःच्या फोटोवर थांबली नाही. शेवटपर्यंत जाऊन विचारलं, "त्याचा कुठी हाय?"
"कोणाचा?"
"सुमेधचा. त्याच्या गाण्याच्या वेळेस तू त्याचा काढलाच नाई?"
"आई, तिथं कोणी नव्हतं."
"असं," म्हणाली. मग, "मले तर वाटलं तू काढून राहिली म्हणून मी मधात नाई आली."
कॅमेरा परत दिला. चष्मा पुसला.

२४ डिसें.
निखिलचा मेसेज, तिसऱ्यांदा. पोस्टर छापायला द्यायचंय, काय ठरलं? उत्तर लिहिलं, खोडलं. हो म्हटलं तर तो गातच राहील. नाही म्हटलं तर आम्हीच त्याला गप्प केलं.
संध्याकाळी आई गच्चीवरून स्वेटर घेऊन आली. सुमेधचा, मरून रंगाचा. धुऊन वाळत टाकलेला, मला पत्ताच नाही. घडी घालता घालता म्हणाली,
"पुण्याले फेब्रुवारीत थंडी असते का वं?"
कोणासाठी विचारतेस, असं तोंडाशी आलं होतं.
"रात्री असते थोडी," म्हटलं.